माय जेवून राहिली

माझ्या वडिलांनी माझ्या हातचा घास ओठ मिटून नाकारला आणि लगेच त्याच वाटीतला, त्याच चमच्याचा घास आपल्या जावयाच्या हातून निमूट गिळला, त्या संध्याकाळी मी देवीपुढे दिवा लावला नाही. बायकोनं लावला. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो आणि एकही ओळ वाचली नाही. माझा विश्वास उडाला होता असं म्हणता येणार नाही. विश्वास उडाला असता तर राग कोणावर काढला असता? मला देवीचा राग आला होता. बाबांना तिनं वाचवलं, आणि वाचवून माझ्याऐवजी दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवलं, असं मला वाटत होतं. हे लिहिताना आज लाज वाटते, पण आधी मनात काय होतं ते सांगितलं नाही तर पुढे जे मिळालं त्याचं मोल कळणार नाही.

आम्ही मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. बाबांचा हातमाग घराच्या पुढच्या खोलीत होता आणि त्याच्या खटखटीत मी अभ्यास केला. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, बी.एड. केलं, नागपुरात एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक झालो, प्रताप नगरात लहानसं घर घेतलं, ते सगळं त्या मागाच्या पुण्याईवर. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. येताना माग आणता आला नाही, पण देवीचा पितळी मुखवटा त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरून एसटीनं आणला. रोज पहिली पोळी तव्यावरून उतरली की ते ताट घेऊन देवघरासमोर बसत, ताटाभोवती पाणी फिरवत आणि दोन्ही तळव्यांनी डोळे झाकून घेत. लहानपणी आम्हा भावंडांना भुकेनं दम निघत नसे. मी मागून त्यांचा सदरा ओढला की ते डोळे न उघडता म्हणत, "थांब गा, माय जेवून राहिली." देवी जेवत असताना तिच्याकडे कोणी टक लावून पाहायचं नाही, घाई करायची नाही, उभं राहायचं नाही, असा आमच्याकडे नेम. मी विज्ञान शिकलो तसा तो नेम माझ्यापुरता सुटत गेला. बाबांचा कधी सुटला नाही.

गेल्या वर्षी बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि आम्हाला ज्याची कल्पनाही नव्हती ते गिळणंही गेलं. पाण्याचा एक घोट दिला तरी ते ठसकून निळे पडत. दवाखान्यात नाकातून नळी घातली. ती त्यांनी डाव्या हातानं ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग एका सकाळी मी गेलो तेव्हा त्यांचा तो हात पट्टीनं पलंगाच्या दांड्याला बांधलेला दिसला. ज्या हातानं आयुष्यभर तुटलेले धागे जोडले तो हात बांधलेला होता, आणि बाबा माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेला मी मनातल्या मनात शब्द दिला की ही नळी एकदा निघाली की पुन्हा लागू देणार नाही.

त्या दवाखान्यात गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांच्या मेहनतीनं काही आठवड्यांनी नळी निघाली. घरी नेताना त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. पातळ काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा पावडर घालून दाट करायचं. जेवण श्रीखंडासारखं मऊ आणि एकजीव. पाठ सरळ, हनुवटी छातीकडे झुकलेली. मान वर झाली की घास श्वासनळीत जायला वाट मोकळी होते. लहान चमचा, थोडाच घास. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की घास उतरला समजायचं, मगच दुसरा. उजव्या गालात काही साठलं तर नाही ना, ते पाहायचं. समोर बसून, त्यांच्या नजरेच्या खालून भरवायचं. गप्पा नाहीत, टीव्ही नाही. जेवणानंतर लगेच आडवं करायचं नाही. मी मान डोलावत होतो. अन्ननलिका आणि श्वासनलिकेची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढतो. मला यात अवघड काय जाणार आहे, असंच मला वाटलं.

घरी आल्यावर मी शाळेतून रजा घेतली. बाबांना दिवाणावर लोड लावून बसवायचो, समोर जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढायचो, टॉवेल बांधायचो आणि वर्गात शिकवावं तसा बोलायचो. "आ करा बाबा. आता मिटा. गिळा. गिळलं का? पुन्हा गिळा." बाबा माझ्याकडे पाहत, एक-दोन घास घेत, मग ठसका लागे. ठसका थांबला की ओठ घट्ट मिटून घेत. मी चमचा ओठांना लावून धरला तर मान फिरवत. अर्ध्याच्या वर वाटी माझ्या हातून कधी संपली नाही. मला वाटे, त्यांचं मन लागत नाही, दुखण्यानं हट्टी झालेत. मी आवाज आणखी चढवायचो.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान सीताबर्डीवर फुटपाथला कपड्यांची गाडी लावतात. अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं म्हणून एक दिवस ते बाबांना पाहायला आले. येताना गाडीवर बसायचं स्वतःचं बुटकं लाकडी पिढं काखेत घेऊन आले. बायकोनं खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "नोको वहिनी, खुर्चीवर बसलो का मले झोप लागते." ते पिढं दिवाणाला टेकवून बसले तेव्हा त्यांचं डोकं बाबांच्या गुडघ्यांपेक्षा जरा वर आलं असेल. मी भरवत होतो आणि बाबांनी नुकतेच ओठ मिटले होते. जावई ते पाहून म्हणाले, "दादा, मामाजीची परीक्षा घेऊन राहिले का? आणा इकडं. नापास पोरगा नापास पोराजवळच खाईन."

मी हसलो नाही, पण वाटी दिली. मला वाटलं होतं, जमणार नाही आणि आपोआप परत येईल. जावयांनी चमचा भरला, खालून वर धरला आणि काहीच बोलले नाहीत. बाबांनी खाली त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. जावई दुसऱ्या घासाची घाई न करता बाबांच्या पायावरची चादर नीट करत बसले. मग दुसरा घास. वाटी रिकामी झाली तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे पुसत होती. मीही आनंदाचं बोललो. मॅडमना फोन करून सांगितलं. आणि त्याच संध्याकाळी मी दिवा लावला नाही.

मग जावई रोज येऊ लागले. पिढं त्यांनी आमच्याकडेच ठेवलं. गाडी शेजारच्याच्या भरवशावर टाकून मेट्रोनं यायचे आणि बाबांना जेवू घालून परत जायचे. आमच्याकडे जावयाच्या पाया पडतात. बाबांनी तर लेकीच्या लग्नापासून तिच्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं, इतके जुने रिवाज पाळणारे. त्या घरात आता जावई सासऱ्याची लाळ पुसत होता. शेजारच्या काकू मला गाठून सांगत, "असा जवाई नशिबानं भेटते गा सर." मी हो म्हणायचो. शिकलो कोणासाठी, रजा कोणी काढली, मॅडमचं सगळं तोंडपाठ कोणाला, आणि नाव कोणाचं? मी आतल्या खोलीतून कान देऊन ऐकत बसायचो. पलीकडून चमचा वाटीला लागल्याचा आवाज यायचा, मग शांतता, मग पुन्हा चमचा. ठसका ऐकू येत नसे, आणि मी त्याचीच वाट पाहत असे. एकदा जावयांच्या कसल्याशा बोलण्यावर बाबा हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. बायको धावत मला सांगायला आली, "अहो, बाबा हसले, या ना." मी म्हणालो, "वह्या तपासतो आहे."

सकाळचं जेवण माझ्याकडे होतं. मी ते जरा उशिरा आणि जरा जास्त देऊ लागलो, म्हणजे दुपारी बाबांना भूक राहू नये. सकाळीच ठसके वाढले. मग मला ते पिढं खुपू लागलं. बायको एकदा म्हणाली, "जवाईबापूंना असं खाली बसवतो आपण, बरं दिसते का?" तिनं सहज म्हटलं होतं. मी ते धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी पिढं पुसून माळ्यावर टाकलं आणि दिवाणासमोर बैठकीतली गादीची खुर्ची मांडली. जावई आले तसे म्हणालो, "जवाईबापू, तुम्ही आमच्या घरी खाली बसायचं नाही. मान आहे तुमचा. बाबा बोलू शकत असते तर त्यांनीच हे सांगितलं असतं." बहीण सोबत होती, तिला भरून आलं. जावई अवघडले. "दादा, मान कायचा जी, मले पिढंच बरं होतं," असं पुटपुटले, पण सगळ्यांसमोर खुर्ची नाकारणं त्यांना जमलं नाही. घरात सगळ्यांना वाटलं, मी मोठेपणा केला.

त्या दुपारी बाबांना जावयांच्या हातून ठसका लागला. दुसऱ्या दिवशीही लागला. तिसऱ्या दिवशी तर घास अडकून असा खोकला आला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि बाबांनी जावयांपुढेही ओठ मिटले. मी दारात उभा होतो. बाबा खोकत होते आणि माझ्या छातीत काहीतरी हलकं झालं. यालाही जमलं नाही, एवढंच मनात आलं. नंतर मी पाणी दाट करायला धावलो, पाठीवरून हात फिरवला, जे करायचं ते सगळं केलं. पण आधी ते आलं होतं, आणि ते आलेलं मी पाहिलं होतं.

पुढच्या दोन-तीन दिवसांत बाबांना ताप भरला. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं की घास श्वासनळीत उतरतो आहे, थोडा जंतुसंसर्ग झाला आहे. औषधं लिहून दिली. ताप उतरला, पण बाबांनी खाणं जवळजवळ सोडलं. डॉक्टर म्हणाले, मॅडम मंगळवारी तपासतील. तेव्हाही असंच असेल तर तोंडाचं बंद करून नळी घालावी लागेल, या वेळी पोटातून. मी विचारलं, "हात बांधावा लागेल?" ते म्हणाले, "ओढली तर बांधावा लागेल."

जावई यायचे थांबले. मी फोन केला तर पलीकडे तो भरलेला आवाज नव्हताच. "दादा, माह्याच हातानं झालं. मले वाटलं होतं का माह्या हाताले गुण हाय. आता हिंमत नाय होत जी. तुम्ही शिकेल माणूस, तुम्हीच भरवा." मी म्हणू शकलो असतो की तसं काही नाही. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. जे मला हवं होतं ते आता सगळं माझ्याकडे होतं. बाबा, वाटी, चमचा, तिन्ही वेळचं जेवण. आणि बाबा माझ्याकडे पाहून ओठ मिटत होते.

मंगळवारच्या आधीच्या रविवारी बायको म्हणाली, "उमरेडला जाऊन देवीला नैवेद्य दाखवून या. बाबा दरवर्षी दाखवायचे, या वर्षी राहून गेला." मी म्हणालो, त्यानं घसा दुरुस्त होतो का? ती म्हणाली, "माझ्या मनासाठी जा." तिनं खिरीचा डबा भरून दिला. मी गेलो ते चिडूनच. बहीण बाबांजवळ बसायला आली होती, तिच्याशीही नीट बोललो नाही. एसटीत खिरीचा डबा मांडीवर धरून बसलो तेव्हा आठवलं की याच रस्त्यानं उलट दिशेनं बाबांनी देवीला असंच आणलं होतं. पण त्या आठवणीनंही मन काही निवळलं नाही.

देऊळ आमच्या जुन्या मोहल्ल्यातच आहे, लहान आहे. दुपारच्या नैवेद्याची वेळ होती. पुजाऱ्यानं डबा घेतला, खीर पानात काढली, पाणी फिरवलं आणि पडदा ओढला. गाभाऱ्यासमोर पाच-सात बाया-माणसं खाली बसलेली होती. मी पडद्याला लागून उभा राहिलो. परतीची बस गाठायची होती. पडद्याच्या कडेला फट होती, तिच्यातून मी आत डोकावत होतो, झालं की नाही म्हणून. तेवढ्यात माझ्या पँटला खालून कोणीतरी ओढलं. एक म्हातारी होती, मी तिला ओळखत नव्हतो. तोंडाचं बोळकं, नाकात चमकी. मला म्हणाली, "खाली बस गा. तिच्या डोक्याशी उभा राहून काय पाहून राहिला? असं कोणी उभं राहिलं तं तुह्या तरी घशाखाली उतरन का घास?" आजूबाजूच्या बाया हसल्या. मी म्हणालो, "आजी, बस आहे माझी." ती म्हणाली, "बस जाईन तं दुसरी येईन. थांब गा, माय जेवून राहिली."

हे शब्द मी किती वर्षांत ऐकले नव्हते. बाबांचा आवाज गेल्यापासून तर ते मला पुन्हा कधी ऐकू येतील असं वाटलंच नव्हतं. आवाज म्हातारीचा होता, पण ठेवण तीच, "थांब गा"वरचा दम तोच. मी फरशीवर बसलो आणि तळव्यांनी डोळे झाकले. शाळकरी असताना बसायचो तसा. डोळे झाकल्यावर मला देवी दिसली नाही. मला आमचा दिवाण दिसला. त्यावर लोडाला टेकलेले बाबा, आणि त्यांच्या डोक्याशी उंच खुर्चीवर बसलेला, "गिळा, गिळा" म्हणणारा मी. बाबा मला पाहायला मान वर करत होते. दर घासाला मान वर. मग ते पिढं दिसलं, आणि पिढ्यावरच्या माणसाकडे पाहायला खाली झुकलेली बाबांची हनुवटी दिसली. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते ऐकू आलं होतं आणि तरी आलं नव्हतं. आणि जिथे ते आपोआप घडत होतं तिथून मी ते मानाच्या नावाखाली उचलून माळ्यावर टाकलं होतं.

पडदा उघडला. मी तसाच बसून राहिलो. लहानपणापासून दर्शन घेताना मी ती मूर्ती उभ्यानंच पाहत आलो होतो. उभ्यानं तिचा मुकुट आणि कपाळच डोळ्यांसमोर येतं. खालून पाहताना तिची नजर खाली झुकलेली दिसली, थेट बसलेल्या माणसाकडे. कारागिरानं ती तशीच घडवली असणार. म्हातारीकडे वळून मी काहीतरी बोलणार होतो, पण ती प्रसादाच्या गर्दीत उठून गेली होती. मी बाहेर तिला शोधलं. चपलांजवळ उभ्या असलेल्या बाईनं सांगितलं की अशा खूप येतात, कोणती म्हणता? बस गेली होती. पुढच्या बसपर्यंत मी स्टँडवर खिरीचा रिकामा डबा घेऊन बसलो, आणि मला घाई नव्हती.

घरी पोचलो तेव्हा बाबांच्या संध्याकाळच्या जेवणाची वेळ होत होती. स्टूल ठेवून माळ्यावरचं पिढं काढलं. बायकोनं खालून स्टूल धरून ठेवलं. गादीची खुर्ची मी बैठकीत ठेवून आलो. पिढं दिवाणाला टेकवून बसलो तर मी केवढा लहान झालो. बाबांचे गुडघे माझ्या छातीशी. त्यांनी मला शोधायला आधी वर पाहिलं, जिथे मी असायचो तिथे. मग खाली पाहिलं. त्यांची हनुवटी खाली आली. मी चमचा खालून वर धरला आणि जीभ दाताखाली दाबून धरली. बाबांनी फार वेळ काही केलं नाही. मी नजर त्यांच्या गळ्यावरून काढून त्यांच्या पायांवर ठेवली. त्या पायांनी आयुष्यभर मागाच्या पट्ट्या दाबल्या होत्या. चमच्याला ओठ लागल्याचं हाताला कळलं. घाटी वर गेल्याचं मी पाहिलं नाही, पण चमचा हलका झाला होता आणि ठसका आला नव्हता. मग दुसरा. वाटीत थोडं उरलं तेव्हा बाबांनी मान हलवली, पुरे म्हणून. मीही पुरे केलं.

वाटी ठेवल्यावर बाबांनी डावा हात उचलून दाराकडे केला, मग पिढ्याकडे, मग पुन्हा दाराकडे. बहिणीला कळलं नाही. मला लगेच कळलं. ते जावयांना विचारत होते. खरं सांगतो, तेव्हाही टोचलं. इतक्या दिवसांनी माझ्या हातून जेवले आणि पहिली आठवण त्यांची. पण टोचणं टोचून गेलं आणि मी फोन उचलला. "जवाईबापू, उद्या या. तुमच्या हाताचा दोष नव्हता. ती खुर्ची मी मांडली होती, ती मानासाठी नव्हती. तुमच्या हातून ते जेवत होते हे मला पाहवत नव्हतं." मला वाटलं, फोन ठेवतील. मग तो भरलेला आवाज आला. "दादा, गाडीवर बाजूच्याचा माल खपला का माह्याबी पोटात दुखते. तुम्ही काय देव हाय का? पिढं सापडलं ना? फळीले चीर पडली हाय, जपून बसजा. मोडलं तं नवीन घेऊन देजा."

मंगळवारी मॅडमनी बाबांना तपासलं. गळ्याला यंत्र लावून ऐकलं, दाट पाणी पाजून पाहिलं, चमच्यानं भरवून पाहिलं. नळी टळली. काय बदललं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी बसायची जागा सांगितली. त्या हसून म्हणाल्या, "सर, हे तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." मग म्हणाल्या की हळूहळू नसाही सावरत असतात, सगळं श्रेय पिढ्याला देऊ नका. मी मान्य केलं. नसा सावरल्या असतील. मॅडमची विद्या आणि जावयांचा हातही खरा. त्या म्हातारीला त्या दिवशी माझीच पँट का ओढावीशी वाटली आणि बाबांचेच शब्द तिच्या तोंडी का आले, हे मी कोणाला पटवायला बसणार नाही. ती एक सरळ बाई असेल जिला नैवेद्याच्या वेळी उभा माणूस सहन झाला नाही. माझ्यासाठी ती तिथे होती, आणि मी तिचे उपकार विसरू शकत नाही.

आता दुपार जावयांची आणि सकाळ-संध्याकाळ माझी. पिढं एकच आहे, दुसरं आम्ही घेतलं नाही. जावई अजूनही बाबांना माझ्यापेक्षा जास्त हसवतात आणि मला अजूनही कधीकधी ते टोचतं. आपल्या हाताला यश हवं असणं काही एका दिवसात सुटत नाही. पण संध्याकाळी मी आधी देवीपुढे ताट ठेवतो, पाणी फिरवतो, डोळे झाकतो आणि मग तीच वाटी घेऊन बाबांपुढे बसतो. आपलं काम घास पुढे धरण्यापर्यंतच आहे. तो उतरवणारी ती आहे, मग हात माझा असो की आणखी कोणाचा. हे मला पुस्तकांतून कळलं नव्हतं, ते खाली बसल्यावर कळलं.

परवा परीक्षेचे पेपर तपासायचे राहिले होते म्हणून मी जरा घाईत होतो. बाबांच्या तोंडातला घास उतरायच्या आधीच माझा दुसरा चमचा वर गेला. बाबांनी डावा हात उचलला आणि माझ्या मनगटावर ठेवला. घास गिळला. घाटी खाली येऊ दिली. मग ओठ हलवून, जड जिभेनं, लकव्यानंतरचा पहिला स्पष्ट शब्द बोलले.

"थांब."

पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी चमचा वाटीत ठेवला आणि थांबलो.